चकवा, डेन्मार्कचं भूतघर आणि गावाच्या टोकाचं एक घर

तुमच्यापैकी किती जण जागलीला गेले असतील? ज्यांना शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. पीक उभं असताना रानडुकरं, रोही, हरणं एका रात्रीत शेत साफ करतात, म्हणून घरातल्या कुणीतरी रात्रभर शेतात जागं राहायचं, डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या. ती जागल. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याकडचं. वर अंबाबरवा अभयारण्य आहे, साधारण 127 चौरस किलोमीटर, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं. त्यामुळे डुकरं आणि रोही हे नेहमीचे पाहुणे, आणि अस्वल किंवा बिबट्या कधीमधी. मुलींना जागलीला नेत नसत. मी सातवीत असताना हट्ट करून एकदाच गेले.

मचाणावर काका चकव्याची गोष्ट सांगत होते. चकवा तुम्हाला ठाऊक असेलच. माणूस रात्री ओळखीच्या वाटेनं निघतो, चालत राहतो, चालतच राहतो, आणि पहाटे बघतो तर जिथून निघाला त्याच बांधावर उभा. काका सांगताना आमच्या तोंडाकडं बघत. चुलतभाऊ जरा आखडला की थांबायचे. "भेव लागलं का बे? लागलं असंल त सांग, थांबतो मी." तो नाही म्हणाला की काकांचा आवाज आणखी खाली जायचा.

मग मक्यात खसखस झाली.

काका वाक्याच्या मधेच गप्प झाले. बॅटरी लागली, डबा वाजला, बाबांनी कुणालाच खाली उतरू दिलं नाही. काय होतं ते दिसलं नाही. बराच वेळ मका हलत राहिला आणि मग थांबला. उजाडेपर्यंत चकव्याचं पुढं काय झालं हे कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर गोष्टीसाठीच आले होते. गंमत पुढची आहे. आठ दिवसांनी काकांनी ओट्यावर तीच रात्र, तो हलणारा मका, गोष्ट म्हणून सांगितली, आणि आम्ही पोरं तोंडात बोट घालून ऐकत बसलो. तोच मका, तीच आम्ही, पण या वेळी मजा आली.

भीतीची मजा का येते यावर गेल्या काही वर्षांत जे संशोधन झालंय, त्यातला सगळ्यात जास्त उल्लेख होणारा एक अभ्यास आज तुमच्यासमोर उलगडायचा आहे. तो मला आवडतो, आणि त्याच्याशी माझं भांडणही आहे. दोन्ही सांगते.

डेन्मार्कमध्ये वाइलं नावाच्या शहरात 'डिस्टोपिया' नावाचं भूतघर आहे. जत्रेतल्या भूतबंगल्याचा मोठा भाऊ समजा. जवळपास 50 खोल्या, अंधार, अंगावर धावून येणारे नट, करवतीचा आवाज. तिकीट काढून लोक आत जातात आणि किंचाळत बाहेर येतात. आरहूस विद्यापीठातल्या मार्क अँडरसन, मथियास क्लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 110 जणांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावलं, ठरावीक ठिकाणी त्यांच्या प्रतिक्रिया कॅमेऱ्यात टिपल्या आणि नंतर विचारलं, किती भीती वाटली, किती मजा आली. हा अभ्यास 2020 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

निष्कर्ष असा: भीती कमी, तर मजा कमी. भीती वाढली तशी मजा वाढली. पण एका मर्यादेपुढं भीती वाढत गेली आणि मजा घसरत गेली. कागदावर काढलं तर उलटा ठेवलेला यू, म्हणजे कमान. हेच ठोक्यांतही दिसलं. ठोक्यांचे मोठे, लांबलचक चढउतार भीतीबरोबर सरळ वाढत गेले, पण मजेचा संबंध लागला तो लहान, क्षणाक्षणाच्या हेलकाव्यांशी, आणि तोही कमानीसारखाच. शरीराला थोडं हलवून जागेवर आणून ठेवलं तर छान, गदगदा हलवलं तर नको.

हे वाचलं तेव्हा मला काकाच आठवले. "लागलं असंल त सांग, थांबतो." काका दुसरं काय करत होते? पोराचं तोंड बघून कमानीच्या माथ्यावर त्याला टिकवून ठेवत होते. ठोके मोजायचं यंत्र नव्हतं, पण मात्रा अचूक. डेन्मार्कच्या भूतघरात नट सगळ्यांसाठी जवळपास तेच करतो; आमच्याकडं सांगणारा समोरच्या एकेका चेहऱ्याप्रमाणे गोष्ट कमीजास्त करतो. याच गटाच्या 2019 च्या एका अभ्यासात लोकांचे दोन प्रकार दिसले होते. काही जण भीती वाढवून घेतात, किंचाळतात, पुढं पुढं जातात. काही जण दात आवळून, डोळे अर्धे मिटून, कुणाचा तरी हात धरून भीती कमी ठेवतात. बाहेर आल्यावर दोघंही सारखेच खूश. (माझा चुलतभाऊ दुसऱ्या गटातला. तो हे कबूल करणार नाही.)

मग मेंदूत काय होतं? इथं बहुतेक लेख लगेच 'अमिग्डाला' असं म्हणतात आणि विषय संपवतात. मेंदूच्या आत खोलवर असलेला बदामाच्या आकाराचा हा भाग, "भीतीचं केंद्र". जरा थांबा. 'एस. एम.' या अद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका बाईचा अमिग्डाला एका दुर्मिळ आजारानं दोन्ही बाजूंना निकामी झालेला आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक तिला साप आणि कोळी विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले, केंटकीतल्या एका भूतघरात घेऊन गेले. ती घाबरली नाही. उलट तिनं एका भुताच्या डोक्याला बोट लावून बघितलं आणि दचकला तो नटच. इथवर केंद्राची गोष्ट जुळते. पण 2013 मध्ये तिला आणि तिच्यासारख्या आणखी दोघींना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा श्वासातून दिली, आणि तिघीही भयंकर घाबरल्या. म्हणजे बाहेरून येणारं संकट ओळखणं एक, आणि आतून गुदमरणं दुसरं. जोसेफ लदू, ज्यांच्या कामामुळे अमिग्डाला प्रसिद्ध झाला, तेही आता सांगतात की हे धोका ओळखून शरीराला तयार करणारं जाळं आहे. "मला भीती वाटतेय" हा अनुभव त्याहून बराच मोठा आहे. मचाणावर आणि ओट्यावर माझं शरीर कदाचित सारखंच थरथरलं असेल. फरक दुसऱ्या कशात तरी होता.

तो फरक सांगायला मानसशास्त्र "सुरक्षित चौकट" हा शब्द वापरतं. पॉल रोझिन मिरचीवर काम करायचे. मेक्सिकोतल्या एका गावात माणसं रोज मिरची खातात, त्याच गावातली कुत्री आणि डुकरं मिरचीचं उष्टं खाऊनही तिची आवड धरत नाहीत, हे त्यांनी नोंदवलं होतं. शरीर ओरडतंय की हे वाईट आहे आणि मनाला ठाऊक आहे की काही होत नाही, या दोन्हींच्या फटीतली मजा त्यांना महत्त्वाची वाटली. आपल्याकडं ठेचा खाताना नाक पुसत "अजून वाढ" म्हणणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता माझं भांडण. चौकट सुरक्षित आहे, पण कुणासाठी? डेन्मार्कच्या अभ्यासात हा प्रश्न फक्त तिकीट काढणाऱ्याला विचारलाय. तिकीट काढणारे सगळे आपल्या मर्जीनं आलेले, सगळ्यांना दार कुठं आहे ते माहीत. भूत झालेला नट पगारी आहे, रात्री मुखवटा काढून घरी जातो. त्यामुळे दुसऱ्या बाजूला कुणी आहे हे मोजायची वेळच आली नाही. अभ्यास खोटा नाही, तो एका खोलीतला आहे. गडबड होते ती त्यावरून "माणसाला भीती का आवडते" असं सरसकट विधान केलं जातं तेव्हा. करोनाकाळात अमेरिकेत तीनशेवर लोकांना विचारून एक अभ्यास झाला. भयपट आवडणाऱ्यांचा मानसिक त्रास त्यात कमी आढळला. लगेच बातम्या आल्या, भयपट बघा, कणखर व्हा. एकाच वेळी केलेल्या पाहणीत कशामुळे काय झालं हे कळत नाही, हे बातमीत कुणी लिहिलं नाही. कणखर लोकच भयपट बघत असतील तर?

मला अडलेला हा प्रश्न आपल्याकडं फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा रस आहे आणि त्याचा स्थायीभाव भय. अडचण जुनीच: भीती दुःखद, मग तिचा आस्वाद कसा? काश्मीरच्या अभिनवगुप्तानं हजार वर्षांपूर्वी यावर जे लिहिलं, ते मी पहिल्यांदा ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्रा'तून वाचलं. त्यानं उदाहरण घेतलं शाकुंतलाच्या पहिल्या अंकातल्या हरणाचं. राजाचा रथ मागे, हरिण मान वळवून बघत पळतंय. अभिनवगुप्त म्हणतो, ही भीती "माझी" नाही, "त्याची" नाही, शत्रूची नाही, मित्राची नाही. ती कुठल्याच एका जागेला आणि वेळेला बांधलेली नाही, म्हणून ती चाखता येते. तो रसात येणारी सात विघ्नंही सांगतो. त्यातलं एक असं की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. मक्यात खसखस झाली आणि चकवा मेला, तो या विघ्नानं. आठ दिवसांनी ओट्यावर ते विघ्न दूर झालं होतं. सुरक्षित चौकटीपेक्षा मला हे स्पष्टीकरण जास्त नेमकं वाटतं, कारण ते दार आणि तिकिटाबद्दल न बोलता भीती कुणाच्या नावावर आहे त्याबद्दल बोलतं.

अर्थात त्याच परंपरेत एक वाक्य आहे ज्यावर माझी दरवेळी चिडचिड होते. भरत सांगतो की भय हा स्त्रिया आणि हलक्या दर्जाच्या माणसांचा भाव. म्हणजे घाबरायचं काम कुणाचं आणि चाखायचं काम कुणाचं, याची वाटणी तिथंही झालेलीच आहे.

आता 'तुंबाड'कडं येऊ. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी सिनेमा 12 ऑक्टोबर 2018 ला आला तेव्हा त्याला बेताचा प्रतिसाद मिळाला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि मूळ ठिणगी नारायण धारपांची. बर्वे सांगतात की 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना धारपांची गोष्ट सांगितली. जंगलात, रात्री, तोंडानं! संशोधकांनी इकडंही बघायला हवं. 'आजी' ही धारपांची कथा, तिच्यामागं स्टीफन किंगची 1984 ची 'ग्रॅमा'. अमेरिकेतल्या एका घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी मराठीत आली आणि तिथून 1918 सालच्या तुंबाडात जाऊन पोचली.

या म्हातारीवरच माझा जीव अडकतो. सिनेमात हस्तर हा लोभी देवपुत्र आहे, तो कुणाचाच नातेवाईक नाही, चकव्यासारखा. त्याला घाबरण्यात कुणाचं काही जात नाही. पण साखळीनं बांधलेली, शाप लागलेली, हस्तरचं नाव काढलं की झोपणारी म्हातारी? ती पडद्यावर आली तेव्हा थिएटरात सगळ्यात मोठी किंकाळी उठली आणि मग हशा. म्हाताऱ्या बाईचं शरीर, वेडेवाकडे दात, भूक. आपल्या भयकथांचं हे हक्काचं भांडवल आहे. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते, एकटी उरलेली बाई चेटकीण होते. पुरुषांचीही भुतं आहेत, पण वेताळाला किमान पालखी तरी असते.

पहिल्या अर्ध्या तासात 'तुंबाड' हेच भांडवल वापरतो आणि फार कसबानं वापरतो. पण पंधरा वर्षांनी विनायक परत येतो तेव्हाचा प्रसंग बघा. तिच्यातून झाड उगवलेलं आहे. ती अजून जिवंत आहे, बोलते, सौदा करते. तिला फक्त संपायचं आहे. खजिन्याचं गुपित सांगते आणि बदल्यात मरण मागते. पहिल्या भेटीत जी नुसती भीती होती, ती दुसऱ्या भेटीत एक थकलेलं माणूस होते, आणि राक्षस कोण हा प्रश्न समोर उभ्या असलेल्या देखण्या तरुणाकडं सरकतो. या प्रसंगात थिएटर गप्प होतं. कमानीच्या भाषेत बोलायचं तर मजा खाली आली असणार. सिनेमा मात्र तिथं वर गेला. भीती किती वाटली आणि मजा किती आली या दोनच प्रश्नांत ही शांतता मावत नाही, आणि माझ्या मते भयपटाची खरी परीक्षा त्या शांततेत असते. जे भयपट म्हातारीला शेवटपर्यंत दातच ठेवतात, त्यांना मी आता कमी गुण देते, कितीही दचकवोत.

यात मी उगाच भावुक होतेय असं वाटलं तर महाराष्ट्राचा कायदा उघडून बघा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, सहा दिवसांनी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते, असं सांगून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. चकव्याची गोष्ट सांगायला या कायद्याची आडकाठी नाही, हस्तरवर सिनेमा काढायलाही नाही. तो अडवतो फक्त एका जागी, जिथं भीतीवर जिवंत माणसाचं नाव लिहिलं जातं. अभिनवगुप्तानं रसिकाच्या बाजूनं जी रेघ ओढली, ती कायद्यानं दुसऱ्या बाजूनं ओढली. ठोके मोजणाऱ्या अभ्यासात ही रेघ मला अजून दिसलेली नाही.

आमच्या गावाच्या टोकाला एक बाई एकटी राहायची. तिचं दार कायम लोटलेलं असायचं. आम्हा पोरांचा खेळ होता, शाळेतून येताना तिच्या दारापासून श्वास रोखून पळायचं. जो दाराला हात लावून येईल तो राजा. मी दोनदा लावला. ठोके मोजले असते तर कमानीच्या अगदी माथ्यावर सापडले असते. लहान लहान हेलकावे, भरपूर मजा, दार कुठं आहे ते आम्हाला पक्कं माहीत. ती बाई हापशीवर सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर, भर उन्हात यायची. मोठ्यांपैकी कुणी तिला तोंडावर काही बोललेलं मी ऐकलं नाही. मारहाण झाली नाही, पोलिस आले नाहीत, बातमी छापून आली नाही. फक्त आम्ही पळायचो, आणि आत बसून तिला आमच्या चपलांचा आवाज ऐकू येत असणार.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. दोन पावसाळ्यांपूर्वी घराची मागची भिंत पडली. या दिवाळीत गावी गेले तेव्हा चुलतभावाची मुलगी, तिसरीतली, मला दुकानात घेऊन निघाली होती. त्या जागेपाशी आल्यावर तिनं माझा हात सोडला आणि पळत सुटली. पुढच्या वळणावर धापा टाकत उभी होती, तोंडभर हसू. का पळालीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "मजा येते ना आत्या."

मी तिला त्या बाईचं नाव सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. मग तिनं विचारलं, तिले पोरं होते का? मलाही सांगता येईना. संध्याकाळी काकांना विचारलं. त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाले, "एक पोरगी होती. लग्न होऊन जळगाव जामोदकडं गेल्ती. मंग काही आली नाही ते."